धामण, मानवेल आणि तिरकमठा

बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावात जुने वीरगळ आहेत. मिरा रोडहून लोकलने दोन स्टेशनं आणि पुढे थोडी रिक्षा, इतकं हे जवळ; तरी आमच्या मिरा-भाईंदरमधल्या फार थोड्यांनी ते पाहिले असतील. त्यांतल्या काही दगडांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात 1265 च्या सुमारास समुद्रावर झालेल्या लढाईशी अनेक अभ्यासक ते जोडतात. बघायला आलेला माणूस जहाजांपुढे थांबतो. मी थांबतो तो जमिनीवरच्या लढाईच्या दगडापुढे. त्यात दोन घोडेस्वार तलवारी घेऊन एका तिरंदाजावर चालून आले आहेत, आणि वरच्या पट्टीत साथीदार पळून गेलेला तिरंदाज भाले-तलवारीवाल्यांच्या घोळक्यासमोर एकटा उभा ठाकला आहे.

मी सुतार आहे. माझी नजर वीराच्या आधी त्याच्या हातातल्या लाकडावर जाते. इतिहासात राजाचं नाव येतं, लढाईचं साल येतं. कामठा, म्हणजे धनुष्य, कोणत्या झाडाचा होता आणि तो कुणी तासला, हे कुठल्याच शिलालेखात येत नाही. पण या किनाऱ्यावर, या दमट हवेत, कामठा कशाचा होतो आणि कसा होतो, हे माझ्या हाताला माहीत आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आमचा धंदा भाईंदरचा. वडील उत्तन-चौकच्या होड्यांसाठी वल्ही करायचे, राई-मुर्धे भागातल्या शेतकऱ्यांसाठी गाडीच्या दांड्या आणि जू, मिठागरांसाठी फावड्यांचे दांडे. वल्ह्याला आणि दांडीला ते वखारीत जाऊन धामणच मागत. सागवान टिकाऊ खरा, पण दणका आणि वाक सोसायला धामणीसारखं दुसरं लाकूड नाही, असं त्यांचं ठाम मत. तेच लाकूड आणखी एका माणसाला हवं असायचं. काशीमिऱ्याच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरून एक वारली काका आमच्याकडे यायचे. वडील त्यांना दादा म्हणायचे, मी काका. ते तिरकमठे करायचे. लाकूड निवडायला आणि तासायला मी वडिलांकडे शिकलो. लाकूड वाकवायला काकांकडे.

काका दोन प्रकारचे कामठे करत. एक बांबूचा, मानवेलीचा. दुसरा धामणीच्या अखंड फाकेचा. ही निवड त्यांच्या पाड्यापुरती नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. अग्निपुराणात धनुष्याला योग्य झाडांची यादी आहे, तीत धन्वन, म्हणजे आमची धामण, आहे. आणि सगळ्यांत उत्तम धनुष्य शरद ऋतूत तोडलेल्या बांबूचं, असा स्पष्ट निर्वाळा आहे. काकांना अक्षरओळख नव्हती. पण दसरा झाल्याशिवाय ते बांबूला कोयता लावत नसत.

त्यामागचं कारण पक्कं आहे. पावसाळ्यात बांबूचे नवे कोंब झपाट्याने उंच होतात आणि त्यासाठी जुन्या काठ्यांमधला साठवलेला पिष्टमय अंश खर्ची पडतो. पाऊस सरल्यावर तोडलेल्या काठीत घुणाला खायला कमी उरतं. उन्हाळ्यात तोडलेली काठी वरून कितीही देखणी असली, तरी काही महिन्यांत तिच्याखाली पिठासारखा भुगा पडायला लागतो. काका वद्य पक्षातच तोडत, आणि तोडलेला बांबू ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवत. पाण्यात उरलासुरला गोडवा निघून जातो. पाण्यातून काढल्यावर बांबूला वास येतो, तो सुकताना जातो.

काठीचं वय ओळखणं हे खरं काम. बेटात शिरलं की बाहेरच्या कडेच्या काठ्या कोवळ्या असतात, त्यांच्यावर पांढरी भुकटी आणि पेरांवर आवरणं असतात. त्या सोडायच्या. मधल्या, डाग पडलेल्या, कोयत्याच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत वाजणाऱ्या काठ्या बघायच्या. तीन-चार पावसाळे पाहिलेली काठी चांगली. मानवेलीत बुडाकडचा भाग जवळजवळ भरीव असतो, तोच कामठ्याचा. काटस बांबू जाड आणि मजबूत असला, तरी आतून पोकळ. त्याचा उपयोग घराच्या वाशांना.

धामणीचं वेगळं. तिथे झाड उभं असतानाच कामठा दिसायला हवा. खोड सरळ, माणसाच्या उंचीएवढं बिनफांदीचं, मांडीपेक्षा बारीक. सालीवरच्या रेघा खालून वर सरळ गेल्या असतील तर आतलं लाकूडही सरळ. रेघा पिळाच्या असतील तर आतले धागेही पिळाचे, आणि अशा लाकडाचा कामठा ओढताना मुठीतच फिरतो. झाड थंडीत पाडायचं. मग करवत बाजूला ठेवायची आणि पाचरी घ्यायच्या. हे वडिलांना सुरुवातीला पटत नसे, कारण सुताराचा हात करवतीकडेच जातो. पण करवत आपल्या रेषेने चालते, पाचर लाकडाच्या रेषेने. करवतीने कापलेल्या फळीत धागे मध्येच तुटतात. वल्ह्याला ते चालून जातं. कामठ्याच्या पाठीवर एक धागा तुटला, की पहिल्याच भरओढीत तिथून सालपट उचललं जातं आणि क्षणात दोन तुकडे हातात येतात.

पाठ आणि पोट हे शब्द इथे सांगून टाकतो. ओढणाऱ्याकडे तोंड असलेली बाजू पोट, शिकारीकडची बाजू पाठ. कामठा वाकला की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड दाब बराच सोसतं, ताण सोसायला मात्र अखंड धागे लागतात. म्हणून काका धामणीची साल हळूच सोलत आणि सालीखालचा पहिला पृष्ठभाग तसाच पाठ म्हणून ठेवत. त्याला वाकस, रंधा, कानस काहीच लावू देत नसत. सगळं तासणं पोटाकडून आणि कडांकडून. बांबूचंही तेच. त्याचे सगळ्यांत दाट धागे बाहेरच्या टणक सालीलगत असतात, आत जावं तसे ते विरळ होतात. म्हणून साल शाबूत ठेवायची आणि आतल्या बाजूने, गाठींचे पडदे साफ करत, जाडी उतरवायची.

इंग्लंडमध्ये हाच विचार ‘यू’ नावाच्या झाडावर झाला. तिथले लोक सालीजवळचं पांढरं लाकूड पाठीला आणि गाभ्याचं तांबूस लाकूड पोटाला येईल अशी फाक काढत. 1545 मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे त्यांचं जहाज 1982 साली समुद्रातून वर काढलं, तेव्हा अशी शंभराहून जास्त अखंड धनुष्यं त्यातून मिळाली. ती बुडाली तेव्हा आमच्या खाडीपलीकडे वसईत पोर्तुगीज बसून दहा वर्षं झाली होती. त्या देशाकडून मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला फार मोलाची वाटते. लाकूड कमी पडू लागलं तेव्हा 1472 मध्ये त्यांच्या राजाने कायदाच केला, की बंदरात माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याने मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याच्या चार फाकी आणून द्याव्यात. राज्याला कामठा हवा होता, म्हणून राज्याने कारागिरापर्यंत लाकूड पोचवलं.

फाक काढली की ती सुकवायची. टोकांना शेणमातीचा जाड लेप द्यायचा, नाहीतर टोकांतून पाणी आधी उडतं आणि भेगा आत धावतात. हल्ली मी त्याजागी मेण किंवा ऑइलपेंट लावतो. सावलीत, जमिनीपासून वर, वारा लागेल अशी मांडणी. सुतारांचा जुना हिशेब म्हणजे जाडीच्या इंचाला एक वर्ष. पण आपला किनारा दमट. वसईच्या खाडीची हवा लाकडाला कधी पुरतं कोरडं होऊ देत नाही. मोकळ्या शेडमध्ये लाकडात बारा टक्क्यांच्या वर ओल राहतेच, पावसाळ्यात आणखी वाढते. कामठ्याला ती आठ ते दहा टक्के लागते. त्याहून ओलं लाकूड वाकवलं तर ते तसंच वाकलेलं राहतं, बाण ढकलायला जोर उरत नाही.

याचं उत्तर वारल्यांच्या घरातच होतं. कारवीच्या कुडाचं घर, मध्ये चूल, आणि चुलीच्या वर माळा. त्या माळ्यावर बियाणं असे, सुकी मासळी असे आणि कामठ्याच्या फाकी असत. रोजच्या धुराने आणि मंद उबेने लाकूड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी कोरडं होई, आणि धुराचा थर बसल्यावर घुणही लागत नसे. आज लाकूड सुकवायला विजेच्या भट्ट्या असतात, तापमान आणि ओल मोजायची यंत्रं असतात. काकांच्या घरी ते काम भात शिजता शिजता होत होतं. काळ्या पडलेल्या त्या फाकी खाली काढल्या की त्यांना एक वास असे आणि दोन फाकी एकमेकींवर आपटल्या तर धातूसारखा आवाज येई. तो आवाज आला की लाकूड तयार.

याच दमट हवेमुळे मोठ्या सैन्यांची शिंगाची, तातीची आणि सरसाने जोडलेली उत्तरेकडची कमान कोकणात कधी रुळली नसावी, असं माझं मत आहे. सरस ओल धरतो आणि सांधे सुटतात. घोड्यावरच्या सरदाराला ती शोभते, पण चार महिने पावसात राहणाऱ्याला अखंड लाकडाचा किंवा बांबूचाच कामठा हवा. हिरोडोटसने इसवी सनापूर्वी 480 च्या इराणी स्वारीतल्या भारतीय सैनिकांचं वर्णन केलं आहे: अंगावर सुती कपडे, हातात वेताबांबूची धनुष्यं, बाणाला लोखंडी टोकं. ती परंपरा आमच्या डोंगरात अगदी माझ्या लहानपणापर्यंत आलेली होती.

आता तासणं. मधल्या मुठीला जाडी राखायची, तिथून दोन्ही टोकांकडे ती हळूहळू उतरवत न्यायची. वाकसाने आणि कोयत्याने ढोबळ काम, मग कानस, शेवटी काचेचा तुकडा. खाचा पाडून आधी सैल दोरी लावायची आणि कामठा थोडासाच वाकवून बघायचा. काका यासाठी भिंतीची सावली वापरत. आमच्या शेडची एक भिंत चुन्याने पांढरी होती. तिच्यावर सागाची खुंटी ठोकलेली होती. खुंटीवर मूठ टेकवून ते दोरी खाली ओढत आणि मला कामठ्याकडे न बघता भिंतीवरच्या सावलीकडे बघायला सांगत. सावलीत डावा हात उजव्यापेक्षा कमी वाकलेला दिसला, की डाव्या हातात नेमकी कुठे सरळ रेघ राहिली ते शोधायचं, तिथे कोळशाची खूण करायची, दोरी उतरवायची आणि फक्त त्या खुणेवर चार वेळा काच ओढायची. मग परत दोरी, परत सावली. दुबळ्या जागेला पुन्हा हात लावायचा नाही. तिच्या बरोबरीला बाकीचा कामठा आणायचा.

यातली मेख हिशेबात आहे. लाकडाची रुंदी दहावा भाग कमी केली तर जोरही दहावा भागच कमी होतो. जाडी दहावा भाग कमी केली तर जोर चौथ्या भागाहून अधिक उतरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात हातातलं हत्यार जितकं बोथट तितकं चांगलं. कामठा जितका ओढून तपासला त्याच्या पुढे, पुढचं खरवडणं झाल्याशिवाय, एक बोटही जायचं नाही. ओढताना काका कान लाकडाजवळ नेत. धामण तुटण्याआधी बारीक करकरते. बांबू इशारा देत नाही.

शेवटचा हात खरवतीच्या पानाचा. हे पान सँडपेपरसारखं खरखरीत असतं. ते नसलं तर पारिजातकाचं. त्याने घासून करंजेल चोळायचं, उन्हात ठेवायचं, परत चोळायचं. दोरीसाठी ताग किंवा केवणीच्या सालीचा वाक पिळून घेत. कौटिल्याच्या यादीत दोरीसाठी रुई आणि तागही आहेत. सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला तर बांबूच्याच चिवट पट्टीची दोरी असते, म्हणजे सगळं हत्यार एका बेटातून निघालेलं.

हा कामठा बंदुकीने संपवला असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये घेतला आणि वसई 1739 मध्ये, तेव्हाच लढाईत तोफा आणि बंदुका मुख्य झालेल्या होत्या. तरी त्यानंतर शंभर-दीडशे वर्षं डोंगरातला कामठा चालूच होता, कारण तो सैन्याचा नव्हताच. तो शेत राखणाऱ्याचा होता, ससा-तितर मारणाऱ्याचा होता. त्याला संपवायला सुरुवात केली ती कागदाने, आणि तीही एकाच वर्षी. 1878 मध्ये इंग्रज सरकारने दोन कायदे केले. वन कायद्याने जंगलं राखीव करायची वाट पक्की केली आणि राखीव जंगलातलं झाड परवानगीशिवाय तोडणं गुन्हा ठरवलं. शस्त्र कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत तोफा-बंदुका-तलवारींच्या बरोबरीने धनुष्यबाण घातला. म्हणजे लाकूडही परवान्याचं आणि त्यातून झालेली वस्तूही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलाच्या नियमांवरून इतकी तक्रार झाली, की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. तरी राखीव रेषा हटल्या नाहीत. 1927 च्या वन कायद्यात बांबू हा गवताच्या जातीचा असूनही झाड म्हणून धरलेला होता. इंग्लंडच्या राजाने कारागिराकडे लाकूड आणायला लावलं होतं. त्याच देशाच्या सरकारने इथे ते कारागिराच्या हातून काढून घेतलं.

1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली. ते योग्यच झालं, आणि पाड्यावरचे लोकही ते मानतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला पुढे संजय गांधी यांचं नाव मिळालं. त्याची उत्तरेकडची हद्द आमच्या चेणे-काजूपाड्याला लागून आहे. बिबट्या आणि चितळ तिथे राहिलेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की शिकार थांबवायला कारागिरी मरू द्यायची गरज नव्हती. होडी बांधणाऱ्याला आपण मासेमारीच्या नियमांसाठी जबाबदार धरत नाही.

इकडे शहर वाढत होतं. 1985 मध्ये मिरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. वल्ह्याची जागा इंजिनने घेतली, बैलगाड्या गेल्या, आणि धामण मागणारं गिऱ्हाईक वखारीत येईनासं झालं. माशाचा पाडा, मांडवी पाडा, दाचकुल पाडा ही नावं आता बहुतेकांना रिक्षावाल्याला सांगण्यापुरती माहीत. कुडाच्या घरांच्या जागी पत्रा आणि विटा आल्या, चुलीच्या जागी गॅस. त्यामुळे घरं स्वच्छ झाली, बायकांचे डोळे वाचले. माळा मात्र गेला, आणि फाकी सुकवायची जागा गेली. वारली चित्रांत मात्र तिरकमठा घेतलेला माणूस अजून आहे. जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती चित्रकला जगभर गेली. चित्रातला कामठा भिंतींवर, कपांवर, साड्यांवर पोचला; तो तासणाऱ्या हाताला कुणी कारागीर म्हटलं नाही.

गंमत म्हणजे तिरंदाजी स्वतः महाराष्ट्रात जोरात आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी विश्वविजेते झाले. त्यांची धनुष्यं धातूची, कार्बनची, चाकांची. पण आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये ‘इंडियन राउंड’ हा प्रकार बांबूच्या धनुष्यावरच खेळला जातो, आणि खेड्यापाड्यातली मुलं सुरुवात तिथूनच करतात. म्हणजे चांगल्या लाकडी आणि बांबूच्या कामठ्याला आज कायदेशीर, सन्मानाचं गिऱ्हाईक आहे. वनहक्क कायद्याने 2006 मध्ये बांबूला गौण वनउपज मानलं, आणि 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढवलेला बांबू वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर काढला. स्वतःच्या बांधावर मानवेल लावून तो तोडायला आता अडचण नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2011 मध्ये स्वतःच्या वनक्षेत्रातला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकून दाखवला. लाकडाची वाट जिथे बंद झाली होती, तिथे थोडी तरी उघडली आहे.

काका गेले. त्यांच्या मुलांनी हा धंदा केला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही; ज्या कामाला मजुरी मिळत नाही ते कुणी का करावं? पण येऊर, चेणे, वसईपलीकडे जव्हार-डहाणूपर्यंत, तिरकमठा तासता येणारी वयस्क माणसं अजून आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या ओळखीत असं कुणी असेल, त्यांनी एक करावं. त्यांना भाषणाला किंवा प्रदर्शनाला न बोलावता एक कामठा करायला सांगावं, पूर्ण दिवसांची सुतारी मजुरी द्यावी, आणि झाड निवडण्यापासून तेल चोळण्यापर्यंत शेजारी बसून सगळं मोबाईलवर चित्रित करावं. महानगरपालिकेच्या बागांमध्ये गुलमोहर आणि पाम पुष्कळ झाले. चार धामणी आणि मानवेलीचं एक बेट लावायला खर्च येत नाही. आणि ज्यांच्या घरी जुना, काळा पडलेला कामठा असेल, त्यांनी तो जळणात टाकू नये. मानवेल तोडायचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. त्याआधी माणूस गाठून ठेवा.